प्लास्टर जमते कसे?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा मजुरीचे दर, कामाचे तास किंवा कामगार कायदे यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. कामगार संघटनेच्या माणसाने रसायनशास्त्रात डोके घालावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु आमचे निम्म्याहून अधिक आयुष्य बांधकामावरच्या माणसांत गेले. शाळा लवकर सुटली. त्यानंतरचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि मजुरांच्या नाक्यावर. या दोन्ही ठिकाणी ज्या एका पदार्थाने आमचे कुतूहल सतत जागे ठेवले, त्याविषयी आज बोलायचे आहे. तो पदार्थ म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, आपल्या रोजच्या भाषेत पीओपी.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातशेतीच्या, मिठागरांच्या जागी हे शहर उभे राहू लागले. वाशीपासून खारघर-पनवेलपर्यंत आज जी घरे दिसतात, त्यांतल्या असंख्य घरांच्या भिंतींवर, छतांना आणि छताच्या कडेच्या नक्षीला हे पांढरे प्लास्टर लागलेले आहे. ते लावणारी माणसे आपण पाहतो. पांढरी धूळ अंगावर घेऊन ती संध्याकाळी लोकलमध्ये चढतात, आणि आपण कपडे सांभाळून थोडे बाजूला सरकतो. त्यांच्या हातांना जे ठाऊक आहे त्यामागचे शास्त्र समजून घेणे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. प्लास्टर ‘सुकते’ असे आपण सगळेच म्हणतो. ते सुकून घट्ट होत नाही. याची परीक्षा कोणालाही घरी घेता येईल. एका लहान बाटलीत पाण्यात कालवलेले ताजे प्लास्टर ओता आणि झाकण घट्ट लावा. आतले पाणी बाहेर जायला वाट नाही. तरीही अर्ध्या तासाने पाहाल तर आतला माल दगडासारखा झालेला असेल. फार काय, ओले प्लास्टर पाण्याखाली ठेवले तरी ते घट्ट होते. पाणी निघून गेल्याने घट्टपणा येत असता, तर हे कसे घडले असते?

याच्या उलट शाडूची माती घ्या. शाडूची मूर्ती सुकते हे अक्षरशः खरे आहे. मातीच्या बारीक पापुद्र्यांमध्ये शिरलेले पाणी हवेत निघून जाते, पापुद्रे एकमेकांजवळ येतात, मूर्ती थोडी आकसते आणि कडक होते. तिला पुन्हा पाणी मिळाले की पापुद्रे सुटे होतात आणि मूर्तीची पुन्हा माती होते. प्लास्टरचे तसे नाही. प्लास्टरमध्ये पाणी नुसते शिरत नाही, ते त्या पदार्थाचा घटक बनते. म्हणून आम्ही ‘सुकते’ न म्हणता ‘जमते’ म्हणतो. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे सारे सोपे होईल.

प्लास्टर मुळात जिप्सम नावाच्या मऊ खनिजापासून होते. नखाने ओरखडा पडावा इतके ते मऊ असते. आपल्याकडे ते मुख्यतः राजस्थानातून, नागौर, बिकानेर, जैसलमेर या बाजूने येते. आयुर्वेदात गोदंती म्हणतात ती हीच. रसायनाच्या दृष्टीने जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक कणाशी बांधले गेलेले पाण्याचे दोन कण. हे पाणी ओलाव्यासारखे नसते. जिप्समचा खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, तरी १०० किलो शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २१ किलो पाणी स्फटिकाच्या रचनेत चिणून बसलेले असते.

हा दगड भट्टीत साधारण १५० अंशांपर्यंत तापवला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी वाफ होऊन निघून जाते. १०० किलोंचे सुमारे ८४ किलो उरतात. दोन कणांच्या जागी अर्धा कण पाणी राहते. ‘अर्धा कण’ म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या दोन कणांमागे पाण्याचा एक, एवढाच त्याचा अर्थ. हीच आपली पांढरी भुकटी. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून तिला त्या शहराचे नाव पडले. भट्टी फार तापली आणि उरलेले पाणीही निघून गेले तर माल ‘मेला’ असे समजावे. तो पाणी घ्यायला तयार होत नाही, किंवा फार सावकाश घेतो.

आता या भुकटीत पाणी घातले की काय होते? जे आगीने हिरावून नेले ते ती परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. ही गोष्ट प्रयोगाने दाखवणारा माणूस म्हणजे फ्रान्सचा लाव्हाझिए. १७६५ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने तिथल्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरचा आपला निबंध वाचला. जिप्सम तापवल्यावर जे जाते ते पाणीच, आणि प्लास्टर घट्ट होताना जे परत घेते तेही पाणीच, हे त्याने दाखवले. आधुनिक रसायनशास्त्राच्या या जनकाची सुरुवात गवंड्याच्या घमेल्यातल्या पदार्थापासून व्हावी, याचा आम्हा कामगारांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

परंतु पाणी परत घेतल्याने भुकटीचा दगड का व्हावा? पुन्हा जिप्समची भुकटीच का होऊ नये? याचे उत्तर ल शातेलिए या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात दिले. भट्टीतून आलेली भुकटी पाण्यात थोडी विरघळते. जिप्समही विरघळते, पण त्याहून पुष्कळ कमी. भुकटीच्या साधारण तिसरा-चौथा हिस्सा. म्हणजे भुकटी विरघळून पाण्यात जितका माल जातो, तितका जिप्समच्या रूपाने त्या पाण्यात मावत नाही. जास्तीचा माल बाहेर पडू लागतो, आणि तो पडतो तो सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपाने. जागा मोकळी झाली की आणखी भुकटी विरघळते, आणखी सुया वाढतात. असंख्य सुया चहूबाजूंनी वाढत एकमेकींत घुसतात, अडकतात आणि त्यांचे जाळे विणले जाते. वाळलेले काटेरी कुंपण जसे गुंतून बसते आणि ओढून सुटत नाही, तशातला हा प्रकार. प्लास्टरचा सारा जोर या गुंतण्यात आहे.

या सुया वाढताना एकमेकींना किंचित बाहेर ढकलतात. त्यामुळे जमणारे प्लास्टर आकसत नाही. उलट हजारात दोन-तीन भाग इतके फुगते. म्हणूनच साच्याच्या अगदी कोपऱ्यापर्यंत ते जाऊन बसते आणि पेणच्या मूर्तीच्या मुकुटावरचा मणी न् मणी स्पष्ट उठतो.

आता कारागिरांकडे वळू. प्लास्टरच्या कामावर काही नियम पिढीजात चालत आलेले आहेत. उस्ताद ते शिष्याला रागावून शिकवतात, कारण सांगत नाहीत. या नियमांना शास्त्राची कसोटी लावली, तेव्हा ते सगळे तिला उतरलेले आम्हाला आढळले.

पहिला नियम असा की घमेले स्वच्छ धुतल्याशिवाय नवा माल कालवू नये. कडेला चिकटलेला जुना माल म्हणजे तयार जिप्समचे बीज. नव्या पाण्यात ते पडले की स्फटिकांना वाढायला आयता आधार मिळतो, आणि वीस मिनिटे काम देणारा माल हातात असतानाच घट्ट होतो. दहीवाटीत विरजण राहिले असता दुधाचे जे होते तेच हे.

दुसरा नियम, घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ढवळू नये. असे केले तर नुकत्याच गुंतलेल्या सुया तुटतात. माल पुन्हा मऊ दिसतो, पसरतोही. पण त्या सुया पहिल्यासारख्या पुन्हा गुंतत नाहीत आणि त्या जागेचा पुढे भुगा होतो.

तिसरी गोष्ट पाण्याच्या मापाची. २५ किलोंच्या गोणीला रासायनिक दृष्ट्या साडेचार-पावणेपाच लिटर पाणी पुरे असते. परंतु एवढ्या पाण्यात माल हलणारसुद्धा नाही. म्हणून प्रत्यक्षात पंधरा ते अठरा लिटर पाणी लागते. हे वरचे पाणी जमण्याच्या कामी येत नाही. ते छिद्रांत अडकून राहते आणि पुढे कित्येक दिवस हवेत उडत असते. सुकणे म्हणतात ते एवढेच, आणि ते जमल्यानंतरचे. जितके पाणी जास्त तितकी छिद्रे जास्त, आणि तितके प्लास्टर कच्चे. म्हणूनच एका गोणीत जास्त चौरस फूट ओढायचे म्हणून माल पातळ करायला लावणारा मालक पैसा वाचवत नाही, तो घरमालकाला छिद्रे विकतो.

चौथी गोष्ट माल लांबवण्याची. मोठ्या कामावर काही कारागीर पाण्यात किंचित सरस किंवा लिंबाचे सत्त्व टाकतात. हे पदार्थ वाढत्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात आणि माल उशिरा जमतो. उलट चिमूटभर मिठाने तो लवकर जमतो. आणखी एक उदाहरण सांगतो. सिमेंट पाणी लागताच आवळून बसू नये म्हणून कारखान्यात ते दळतानाच त्यात शेकडा तीन ते पाच या प्रमाणात जिप्सम मिसळतात. म्हणजे ज्या घरात पीओपीचे बोटही लागलेले नाही त्या घराच्या भिंतींतही जिप्सम आपले काम करून गेलेले असते.

पाचवी गोष्ट पावसाळ्याची, आणि तिच्याशी मजुरीचा थेट संबंध आहे. कोकणच्या पावसाळी हवेत इतका ओलावा असतो की उघडी किंवा फाटकी गोणी हवेतलेच पाणी पिऊ लागते. भुकटीच्या कणांवर जिप्समचा थर चढतो. असा माल कधी चटकन आवळतो, कधी रेंगाळतो. पण त्याचा कस दोन्ही प्रकारांत कमी असतो. कारण त्यातला काही भाग आधीच, कोणाच्याही उपयोगी न पडता, जमून गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी खारघरच्या बाजूला एका इमारतीत छताच्या कडेची नक्षी भुगा होऊन गळू लागली. कंत्राटदाराने कारागिरांनाच दोष दिला आणि पाच जणांची मजुरी अडवली. ही माणसे आमच्याकडे आली. आम्ही जागेवर जाऊन पाहिले तेव्हा गोण्या तळघरात, उघड्या फरशीवर, ऐन पावसात महिनाभर पडून असल्याचे दिसले. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. दोन सारखी भांडी मागवली, दुकानातून एक ताजी गोणी मागवली, दोन्हींतला माल तोलून सारखाच घेतला आणि सारख्याच मापाच्या पाण्यात, त्याच कारागिराच्या हाताने, सर्वांसमोर कालवायला लावला. दुसऱ्या दिवशी ताज्या मालाची वडी बोटाने वाजवली तर टणटण वाजत होती. तळघरातल्या मालाची वडी नखाने खरवडली जात होती. हात तोच, पाणी तेच. मग दोष कोणाचा, हे सांगायला कोणा इंजिनिअराची गरज राहिली नाही. मजुरी मिळाली. अन्यायाविरुद्ध लढताना संघटनेचे बळ लागते हे खरेच. पण त्या दिवशी त्या बळाला दोन वाडग्यांच्या ज्ञानाची जोड मिळाली, आणि काम एका रात्रीत झाले.

आता हाताच्या सुरक्षिततेविषयी थोडे. जमताना प्लास्टर तापते, हे घमेल्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाणी काढून घ्यायला भट्टीने जी उष्णता खर्च केली, तिचाच काही हिस्सा पाणी परत घेताना बाहेर पडतो. एका २५ किलोंच्या गोणीतून जमताना जी उष्णता निघते ती एकत्र करता आली तर सुमारे नऊ लिटर पाणी उकळीला आणील. भिंतीवरच्या पातळ थरातून ती सहज निघून जाते. जाड गोळ्यात मात्र ती कोंडते. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने चित्रकलेच्या तासाला स्वतःच्या हातांचा साचा घेण्यासाठी प्लास्टरने भरलेल्या बादलीत हात घातले. ते जमले, हात निघेनात, आणि भाजून तिला आपली बोटे गमवावी लागली. हाड मोडल्यावर डॉक्टर याच प्लास्टरचे पट्टे बांधतात. ती पद्धत १८५० च्या सुमारास मथाइसन या डच लष्करी डॉक्टराने रूढ केली. पण डॉक्टरांचे थर मोजके असतात आणि खाली कापसाचे अस्तर असते. हौसेने हाताचे ठसे घेणाऱ्या आईबापांनी आणि शाळांनी हे लक्षात ठेवावे.

या साठवलेल्या पाण्याचा एक मोठा उपकारही आहे. घराला आग लागली तर जिप्समच्या छताला आधी आपले पाणी सोडावे लागते. ते पाणी वाफ होऊन संपेपर्यंत पलीकडच्या बाजूचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. तेवढ्या वेळात माणसे जिना उतरू शकतात. उंच इमारतींच्या या शहरात त्या काही मिनिटांचे मोल मोठे आहे.

शेवटी ज्या प्रश्नावर दर भाद्रपदात वाद होतो त्याकडे येतो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि प्लास्टरची विरघळत नाही, याचे कारण आता श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच. एक सुकलेली आहे, दुसरी जमलेली. जमलेले जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. दहा किलो प्लास्टरची मूर्ती पुरती विरघळायला हिशेबाने चार हजार लिटर स्वच्छ पाणी हवे, आणि तेही पुरेसा वेळ मिळाला तर. कृत्रिम तलावातल्या थोड्या पाण्यात शेकडो मूर्ती सोडल्यावर त्या तशाच राहिल्या तर नवल नाही. जिप्सम स्वतः विष नव्हे. चोपण जमीन सुधारायला शेतकरी ते शेतात घालतो. परंतु खाडीच्या तळाशी त्याचे ढीग साचणे, आणि त्याबरोबर रंगांतली घातक द्रव्ये पाण्यात जाणे, हे कोणालाही परवडणारे नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तींसाठी प्लास्टर वापरण्यास मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, परंतु नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन होऊ नये असे बजावले. त्याच वर्षी जुलैमध्ये सहा फुटांवरील मूर्तींना मुदतीपुरती सवलत मिळाली. या काळात पेण, हमरापूर, जोहे या गावांतल्या कारागिरांचा जीव टांगणीला लागला होता. ज्यांनी साचे आणि माल यांत कर्जाचा पैसा घातला, ज्या बायका वर्षभर काथ्या-प्लास्टर लावून आणि रंगकाम करून घर चालवतात, त्यांना कोणी एका सकाळी ‘उद्यापासून बंद’ असे सांगावे, हे आम्हाला मान्य नाही. खाडीवर पोट असलेल्या कोळ्यानेही मुकाट सोसावे, हेही मान्य नाही. एका श्रमिकाचे पोट दुसऱ्या श्रमिकाच्या पोटाविरुद्ध उभे करून प्रश्न सुटत नसतो.

इथे रसायनशास्त्र थोडी वाट दाखवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक सोपी रीत सुचवली आणि पुणे महापालिकेने ती लोकांपर्यंत नेली. बेकरीत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टरची मूर्ती ठेवायची. जिप्सममधला कॅल्शियम खडूच्या रूपाने खाली बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. लहान मूर्तीला साधारण दोन दिवस पुरतात. पावडर मात्र वजनाने जवळजवळ प्लास्टरइतकी लागते. ही कल्पना या देशाला नवी नाही. १९५१ साली सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला तेव्हा राजस्थानातल्या जिप्समपासून, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने, तिथे हेच खत केले जात असे. तेव्हा कारखान्यात जे झाले ते आज घरच्या बादलीत होऊ शकते. मोठ्या मूर्तींसाठी ते जमेल का, खर्च कोण करील, उरलेल्या खडूचे आणि रंगांचे काय करायचे, हे प्रश्न उरतातच. पण ते कारागीर, कोळी, पालिका आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून सोडवायचे प्रश्न आहेत.

आमचे म्हणणे आता थोडक्यात सांगतो. माल कालवणाऱ्या माणसाला कामाच्या यादीत ‘बिगारी’ किंवा ‘मदतनीस’ म्हणून लिहितात आणि सर्वांत कमी मजुरी देतात. वास्तविक पाण्याचे माप, घमेल्याची स्वच्छता, गोणीची पारख आणि थांबण्याची वेळ या चारही गोष्टी त्याच्या हाती असतात, आणि त्याचा अंदाज चुकला तर वरच्या उस्तादाची सारी कला वाया जाते. त्याला कुशल कामगार म्हणून मोजावे, ही आमची पहिली मागणी. गोणीवरची तारीख पाहून माल घ्यावा, तो जमिनीपासून उंच आणि कोरडा ठेवावा, आणि ही जबाबदारी मालकाची मानावी, ही दुसरी. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके हे मागून मिळणारे उपकार नसावेत, कामाच्या सामानातच धरलेले असावेत, ही तिसरी. माल जमायला जो वेळ लागतो तो निसर्गाच्या नियमाने लागतो. कोणी ओरडल्याने सुया लवकर वाढत नाहीत. म्हणून कामाची मुदत ठरवताना तो वेळ धरावा, ही चौथी.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी येत्या वर्षात केव्हातरी पीओपीचे काम निघेल. त्या वेळी कारागिराशेजारी दहा मिनिटे उभे राहा, त्याला पाण्याचे माप विचारा, तो घमेले का धुतो ते विचारा. तो सांगेल, आणि आनंदाने सांगेल, कारण हे त्याला सहसा कोणी विचारीत नाही.